पानावर डाग दिसू नये म्हणून

आमगाव
१२ नोव्हेंबर २०२४

प्रिय दुर्गेश्वरीस,

वहिनीचे अनेक आशीर्वाद. पाकिटावरचे अक्षर पाहून तू आधी दचकली असशील. काही वाईट नाही. आम्ही दोघे बरे आहोत. यंदा धानाची बांधी ठेक्याने दिली, त्यामुळे कापणीची धावपळ नव्हती. दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेत दंडारीचा खेळ आला होता म्हणे, सुशिलाबाई बोलवायला आल्या होत्या, पण आम्ही गेलो नाही. यांना आता गर्दी सोसत नाही.

धर्मेंद्रचे रायपूरला ठीक चालले आहे. त्याची गुंजन शाळेत जाऊ लागली. फोनवर छत्तीसगढी गाणे म्हणून दाखवते, मला अर्धे कळते अर्धे कळत नाही. नाताळच्या सुट्टीत रेणू आणि तो तिला घेऊन इकडे येणार आहेत.

पत्राचे कारण म्हणजे गुलाब. तू या घरात शेवटची आलीस तेव्हा फाटकापाशी दोनच झाडे होती. फवारणीच्या औषधांचे दुकान बंद केल्यावर तुझ्या दादांनी विहिरीपर्यंत पूर्ण रांग लावली. लाल आहेत, पिवळे आहेत, आणि तो तुझ्या आवडीचा देशी गुलाबी तर भिंतीच्या वर गेला. पण यंदा कळ्यांवर माव्याची कीड बसली आहे. नव्या पानांवर पांढरी भुरी दिसते. पावसाळ्यातले काळे ठिपके खालच्या पानांवर अजून आहेतच.

तू गुलाबांना कधीच औषध मारत नाहीस, हे मला माहीत आहे. त्यावरूनच तर बहीणभावाचे बोलणे बंद झाले. भर दुकानात, गिऱ्हाइकांसमोर तू म्हणालीस, "दादा, विकतोस तर विक, पण फवारणाऱ्या मजुराले तोंड बांधाले तरी सांग. दोन माणसं आडवी झाली." आणि यांनी तुला दुकानाच्या पायरीवरून खाली उतरवले. त्यानंतर तुझी राखी आली नाही आणि यांनीही कधी विचारले नाही. मी तेव्हा गल्ल्यामागे उभी होते.

आता मलाच औषधाशिवाय गुलाब सांभाळायचे आहेत. नुसते जगवायचे नाहीत, दुर्गे. एका पानावरही डाग दिसता कामा नये. काय शिंपडायचे, काय मुळाशी घालायचे, कधी छाटायचे, सगळे सविस्तर लिही. कोठीत दुकानातला जो उरलासुरला माल होता तो मी एका माणसाला सांगून उचलायला लावला. घरात औषधाची बाटली ठेवायची नाही असे ठरवले आहे.

फोन का केला नाही म्हणशील. मी फोन कानाला लावला की हे जवळ येऊन बसतात. कोन आहे, काऊन केला, काय म्हणते, सगळे विचारतात. तुझे नाव निघाले तर काय होईल सांगता येत नाही. उत्तर सुशिलाबाईंच्या पत्त्यावर पाठव. त्या शेजारीच आहेत आणि विश्वासाच्या आहेत.

लवकर लिही. थंडी वाढली की भुरी वाढते.

तुझी,
वहिनी


आमगाव
४ डिसेंबर २०२४

प्रिय दुर्गेश्वरीस,

आशीर्वाद. तुझे पत्र मिळाले. एवढ्या वर्षांनी तू मला "वहिनी" म्हणून लिहिलेस, तो शब्द मी सुशिलाबाईंच्या ओसरीत बसून पुन्हा पुन्हा वाचला.

सांगितलेस तसे सगळे केले. आतल्या बाजूला वाढलेल्या फांद्या कापल्या, झाडाच्या पोटात ऊन शिरू लागले. खाली पडलेला पाला गोळा करून जाळला आणि मुळाशी धानाची तणस पसरली. पाणी सकाळीच देते, तेही बुडाशी, पानांवर नाही. माव्यावर आधी पाण्याची जोराची धार मारली, मग रिठ्याच्या पाण्यात नीम तेल घोटून शिंपडले. भुरीला आंबट ताक पातळ करून. पहिल्यांदा ताक घट्ट झाले आणि मुंग्या लागल्या, दुसऱ्यांदा जमले. लाल पाठीवर काळे ठिपके असलेले ढालकिडे दिसले तर मारू नकोस, ते मावा खातात, हे तू लिहिले नसतेस तर मी ते वेचून टाकले असते. आता एका फांदीवर चांगले पाच-सात फिरत असतात.

झाडे सुधारली आहेत. खरेच सुधारली.

तू विचारलेस, वहिनी, एवढी घाई काय? दोन-चार पाने पिवळी पडली तर झाड मरत नाही.

झाड मरत नाही. मागच्या पत्रात मी आम्ही दोघे बरे आहोत असे लिहिले, ते खरे नव्हते.

तुझ्या दादांचे डोके ठिकाणावर राहत नाही. सकाळी बोलतील तर वाटेल काही झालेच नाही. कोणत्या किडीला काय, एका पंपाला किती, सगळे तोंडपाठ. दुपार उतरली की मला "माय" म्हणतात. दुकान उघडले का विचारतात. भाद्रपदात एका गुलाबाच्या पानावर काळा ठिपका दिसला म्हणून पंप पाठीला अडकवून औषध मारले. जेवले, झोपले, उठले आणि विसरून पुन्हा तेच मारले. मी म्हटले, "आत्ताच तर मारलं." तर म्हणाले, "तुले काय समजते? दुकान तू चालवतेस का मी?" मग गुलाबावरून कोथिंबिरीवर गेले. कोथिंबिरीवरून पिण्याच्या पाण्याच्या गुंडावर.

हो, गुंडावर. मी पाहिले म्हणून बरे. सगळे पाणी फेकले, गुंडही फेकला. एकदा चहा करायच्या गंजात औषध कालवून ठेवले होते. गुलाबाखाली साळुंक्या मरून पडल्या, त्या मी कोणाच्या नजरेस पडण्याआधी मागे खड्डा करून पुरल्या.

म्हणून डाग नको. रोज संध्याकाळी हे रांगेतून फिरतात, पान उलटून खालची बाजू पाहतात. सगळे ठीक असेल तर म्हणतात, "साफ आहे," आणि मुकाट्याने आत येऊन जेवतात. एक पान जरी बिघडलेले दिसले तरी पंप शोधायला निघतात. मी पहाटे यांच्या आधी उठते आणि वाईट पाने खुडून पदरात घालते, चुलीत टाकते. तू सांगितलेले ताक आणि नीम तेल माझ्यासाठी झाडाचे औषध नाही, या घराचा पहारा आहे.

तरी परवा गोठ्यात खराट्यामागे एक बाटली सापडली. मी कोठी, गोठा, माळा सगळे झाडून काढले होते. कुठून निघते कळत नाही. झाकणावर धूळसुद्धा नव्हती.

डॉक्टरला दाखव म्हणशील. "मले काय झालं?" एवढे म्हणून हे उठून जातात. धर्मेंद्रला सांगितलेले नाही. सांगितले तर तो घर विकून आम्हाला रायपूरला नेईल. तिसऱ्या माळ्यावरच्या दोन खोल्यांत हे काय करतील? गावात तर कोणालाच ठाऊक नाही. अजून लोक बांधीवरून सरळ येतात, "काकाजी, तुडतुड्यावर काय मारू?" मी दारातूनच सांगते, आराम करून राहिले, नंतर या. अर्ध्या तालुक्याला ज्याने औषधाचे माप शिकवले त्या माणसाला लोकांनी येडा म्हणावे, हे मला बघवणार नाही. तूही कोणाला सांगू नकोस.

काल दुपारी मी ओसरीत केस वाळवत बसले होते. हे मागून आले. माझ्या केसांची एक बट बोटावर घेतली, उलटून पाहिली आणि म्हणाले, "भुरी चढून राहिली."

मी हसले. हे हसले नाहीत.

तुझी,
वहिनी


आमगाव
२२ डिसेंबर २०२४

प्रिय दुर्गेश्वरीस,

घाईत लिहिते. पोरे उद्याच्या गाडीने येतात. तू ठामपणे लिहिलेस की धर्मेंद्रला आधी फोनवर सगळे सांग, मगच लेकराला येऊ दे. तुझे खरे आहे. पण फोनवर कसे सांगू? आल्यावर समोर बसवून सांगते.

आज सगळे घर पुन्हा तपासले. पंप सुशिलाबाईंकडे ठेवला. गुलाबाच्या एकाही पानावर ठिपका नाही. आज तर हे स्वतः म्हणाले, "यंदा रोगच नाही आला." खूश आहेत. तू चिंता करू नकोस.

वहिनी


आमगाव
९ जानेवारी २०२५

दुर्गे,

सुशिलाबाईंनी तुला कळवले आहे. तरी माझ्या हातून कळावे म्हणून लिहिते.

पोरे आली त्या दिवशी मी धर्मेंद्रला काही बोलले नाही. हे इतके नीट वागत होते. गुंजनला खांद्यावर घेऊन रांगेतून फिरले, प्रत्येक गुलाबाचे नाव सांगितले. रेणू म्हणाली, "आई, बाबा तर एकदम फिट आहेत." मला वाटले, एक दिवस तरी असा जाऊ द्यावा.

दुसऱ्या दिवशी सकाळी धर्मेंद्र बांधीवर गेला. रेणू ओसरीत गुंजनचे केस विंचरत होती. फणी उन्हात धरून म्हणाली, "बघा ना आई, शाळेतून उवा घेऊन आली." हे खुर्चीवर चहा पीत होते. त्यांनी कप खाली ठेवला.

"उवा?" म्हणाले. "कधीपासून आहेत?"

तो दुकानातला आवाज होता. गिऱ्हाइकाला विचारायचे तो. मी तो ओळखला, दुर्गे. ओळखला आणि स्वयंपाकघरात वडे तळायला गेले, कारण तेल तापले होते आणि घरात औषध नाही याची मला खात्री होती. रेणू आंघोळीला गेली.

मला आधी वास आला. आमच्या घराच्या भिंतींना तो वास इतकी वर्षे आहे की मी दोन वडे आणखी सोडले. मग बाहेरून गुंजनचा आवाज आला, "आजी, तोंडात पानीच पानी येते."

मी धावले. पोर पाटावर डोळे मिटून बसली होती. तिच्या आबाजींनी सांगितले होते, मी म्हणेपर्यंत उघडायचे नाही. केसांचा नीट भांग पाडलेला, डोक्याला ओला टॉवेल गुंडाळलेला. आणि यांनी, दुर्गे, स्वतःच्या तोंडाला दुपट्टा बांधला होता. हाताला पिशव्या घातल्या होत्या. तू दुकानात ओरडून सांगितलेले यांच्या लक्षात राहिले होते. मला म्हणाले, "थांब, आताच हात लावू नको. भिनू दे."

मी यांना ढकलले. आयुष्यात पहिल्यांदा. हे तुळशीच्या ओट्यावर जाऊन आदळले. पोरीला विहिरीवर नेले, टॉवेल फेकला, कपडे काढले, साबण लावून लावून बादल्या ओतल्या. ती आधी रडत होती, मग रडायची थांबली, आणि ते जास्त वाईट होते. तोंडातून लाळ गळत होती. डोळ्यांतल्या बाहुल्या मोहरीच्या दाण्याएवढ्या झाल्या होत्या. रेणू ओल्या अंगाने बाहेर आली. तिचा तो आवाज मी कोणाला सांगू शकत नाही. शेजारच्यांनी गाडी काढली. धर्मेंद्र वाटेत चढला. गोंदिया येईपर्यंत रेणू पोरीच्या गालावर चापट्या मारत होती, "सो मत, गुंजन, सो मत."

बाटली मी पदरात बांधून नेली होती, म्हणून डॉक्टरांना लगेच कळले काय आहे ते. सुयांवर सुया दिल्या. दोन दिवस ती कोणाला ओळखत नव्हती. तिसऱ्या दिवशी पाणी मागितले.

वाचली. हे आधी लिहायला हवे होते.

पहिल्याच दिवशी दवाखान्याच्या पायरीवर धर्मेंद्रने विचारले, "आई, दुकान बंद होऊन इतकी वर्षं झाली. घरात औषध आलंच कुठून?" मग मी सांगितले. भाद्रपदापासूनचे सगळे. लोक येत-जात होते, मी सांगत होते. तो ऐकत राहिला. शेवटी एवढेच म्हणाला, "एक फोन, आई. एक फोन करायचा होता." आमच्या डब्यातले रेणू जेवली नाही.

औषध कुठून आले ते संध्याकाळी कळले. कैलाश दवाखान्यात आला. तोच, जो आपल्या दुकानात पोते उचलायला होता आणि आता बाजारात ज्याचे स्वतःचे दुकान आहे. माझ्या पायाशी बसून रडला. "काकीजी, काकाजी येत राहतेत. सकाळचे येतेत, चांगले बोलतेत, गुलाबाले पाहिजे म्हणतेत. ज्यानं मले धंदा शिकवला त्याले मी नाही कसा म्हणू? तुम्ही एक डाव तरी सांगितलं असतं." मी घराचे कोपरे झाडत होते आणि हे भाजी आणायला म्हणून जाऊन नवी बाटली घेऊन येत होते. बाजारात कोणी अडवले नाही, कारण अडवायचे असते हे मी कोणाला कळू दिले नव्हते.

पोरीचे केस कापावे लागले. ते दोघे तिला दवाखान्यातूनच रायपूरला घेऊन गेले. रेणूने या घरात पाऊल ठेवले नाही. तिची बॅग मीच भरून स्टेशनवर पोचवली.

दुसऱ्या दिवशी मी बाजारात गेले. औषधाची जेवढी दुकाने आहेत तेवढ्या दुकानांसमोर उभी राहिले आणि मोठ्याने सांगितले, "माझ्या घरच्यांचं डोकं काम करत नाही. त्यांना काही देऊ नका. फुकट मागितलं तरी देऊ नका." लोक जमले. एकजण म्हणाला, "भाभीजी, ये सब घर की बात है, घर जाइए." मी म्हटले, आता ती घरची राहिली नाही. सगळ्या दुकानांत सांगूनच घरी आले.

आणि हे? त्या पहिल्या रात्री मी गोंदियाहून परतले तेव्हा हे ओसरीतच बसले होते. दुपट्टा अजून गळ्यात होता. मला विचारले, "पोरगी कुठं गेली? आनखी एक हात मारावा लागते. लिखा राहतेत." रोज विचारतात. कधी येनार? मी म्हणते, शाळा आहे. मग बोटांवर काहीतरी मोजतात.

गुलाब असे कधीच फुलले नव्हते. फाटकासमोरून जाणारे थांबून पाहतात. तू सांगितलेल्या सगळ्या गोष्टी खऱ्या ठरल्या, दुर्गे, त्यात काहीच चुकले नाही. पाने साफ झाली आणि यांना मारायला कीड उरली नाही. मी नुसती झाडे राखत होते.

धर्मेंद्र पुढच्या आठवड्यात येऊन यांना नागपूरच्या मोठ्या डॉक्टरांकडे नेणार आहे. तोवर यांचे हात रिकामे ठेवता येत नाहीत, फार चिडतात. म्हणून पंप परत आणला आणि त्यात साधे पाणी भरून देते. हे तासभर गुलाबांवर पाणी मारतात. चार दिवस बरे गेले. परवा मध्येच थांबले. नळीचे टोक नाकाजवळ नेले.

"याले वास काऊन नाही?"

मी म्हटले, नवीन आहे, वास नसलेले.

"वास नसलेलं औषध नसते," म्हणाले. "कोनीतरी पानी भरून देऊन राहिलं." आणि माझ्याकडे पाहिले. दुपारचे हे मला माय समजतात तसे पाहणे नव्हते. मला पूर्ण ओळखून पाहिले. आज सकाळी मी चहा दिला तर कप हातात घेऊन आधी मला म्हणाले, "तू पी."

प्यायले. आता स्वयंपाक करताना मी पाठ भिंतीकडे ठेवते. माझा चहासुद्धा मी नजरेआड होऊ देत नाही.

हे आत्ता बाहेर आहेत. फाटकाला कुलूप आहे, तरी दोनदा हलवून पाहिले. सुशिलाबाईंच्या पोराला हे पत्र भिंतीवरून देईन.

बत्तीस वर्षांच्या संसारात जे मी कोणापुढे बोलले नाही, आणि ज्यासाठी तुला गुलाबांचे निमित्त करून पहिले पत्र लिहिले, ते आता लिहिते. मला यांची भीती वाटते.

तू आता उत्तर पाठवू नकोस. तू ये. पहिल्या गाडीने ये. दादा ओळखतील की नाही सांगता येत नाही, पण ते भांडण विसरले आहेत एवढे नक्की. पुढून आवाज देऊ नकोस. सुशिलाबाईंच्या घरामागच्या वाडीतून आमच्या मागच्या दाराने ये, त्या दाराची कडी मी काढून ठेवते.

वाट पाहते.

शामकला